कॅथलिक वकील आणि घटस्फोटाचे खटले



आपल्या समाजातील एक तरुण कायद्याचे शिक्षण पूर्ण करून धुळ्याला एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करू लागला आहे. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्याने मला विचारले, "फादर, सर माझ्याकडे घटस्फोटाच्या फायली देतात. रविवारी मी मिस्साला येतो, ख्रिस्तप्रसाद घेतो आणि सोमवारी कुणाच्या तरी संसाराच्या काडीमोडीचा अर्ज टाइप करतो. दोन्ही एकत्र कसे चालेल?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आपली मुले-मुली आता शिकत आहेत. त्यांतून उद्या आणखी वकील, पोलीस, न्यायाधीश होतील. म्हणून या प्रश्नावर आपण सर्वांनी मिळून विचार करणे बरे.

दोन उत्तरे चटकन सुचतात. पहिले उत्तर असे की, वकिली हा पोटापाण्याचा व्यवसाय आहे, धर्म चर्चमध्ये आणि धंदा कोर्टात. दुसरे उत्तर असे की, घटस्फोट हे पाप, म्हणून त्याला हात लावणेही पाप. पहिले उत्तर ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, कारण प्रभू येशू सोमवारी सुट्टीवर नसतो. दुसरे उत्तर ऐकायला ठाम वाटते, पण कोर्टाच्या व्हरांड्यात कोणकोण उभे असते हे त्या उत्तराने पाहिलेलेच नसते.

प्रथम ख्रिस्तसभेची शिकवण नीट समजून घेऊ. परुशी लोकांनी येशूला घटस्फोटाविषयी विचारले तेव्हा त्याने आरंभीच्या निर्मितीकडे बोट दाखवले. पतिपत्नी एक झालेले असतात आणि ते बंधन तोडण्याचा अधिकार माणसाला नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले (मत्तय १९). मग मोशेने सूटपत्राची परवानगी का दिली, असे त्यांनी विचारले. येशूचे उत्तर होते, तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे. मोशेचा तो नियम अनुवादाच्या २४ व्या अध्यायात आहे. पुरुष पत्नीला घराबाहेर काढत असत आणि ती ना माहेरची, ना सासरची अशी लोंबकळत राही. निदान तिच्या हातात एक लेखी कागद असावा, एवढा तरी आधार त्या सूटपत्रामुळे तिला मिळे. म्हणजे कठोर अंतःकरणाच्या माणसांमध्ये दुबळ्याला थोडे संरक्षण देणारा तो कायदा होता. येशूने त्या कायद्याला आदर्श मानले नाही. पण तो कायदा का लागला, याचे कारण त्याने लपवलेही नाही. आजचे कोर्टही त्याच कठोरपणाच्या दारात उभे आहे.

आता वकिलांविषयी. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी २८ जानेवारी २००२ रोजी रोममधील रोटा या ख्रिस्तसभेच्या न्यायालयापुढे भाषण केले. वकील हा स्वतंत्र व्यावसायिक आहे, म्हणून न्यायाला विरोधी अशा घटस्फोटासारख्या उद्देशासाठी त्याने आपला व्यवसाय वापरू देऊ नये, असे त्यांनी सांगितले. त्या वेळी वर्तमानपत्रांत बरीच टीका झाली. पण त्याच भाषणात पोप महोदयांनी पुढे एक महत्त्वाची गोष्ट सांगितली होती, ती फारशी कुणी छापली नाही. पक्षकाराचा हेतू विवाह मोडण्याचा नसून, त्या देशात फक्त अशाच कोर्टप्रक्रियेतून मिळू शकणारा एखादा न्याय्य हक्क मिळवण्याचा असेल, तर वकील सहकार्य करू शकतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथातही (परिच्छेद २३८३) हेच तत्त्व आहे. कायदेशीर हक्क, मुलांचा सांभाळ किंवा वारसा यांचे रक्षण करण्याचा दुसरा कोणताच मार्ग उरला नसेल, तर दिवाणी घटस्फोट सहन करता येतो आणि तो नैतिक अपराध ठरत नाही.

म्हणजे सारा प्रश्न हेतूवर येऊन थांबतो. इथे नीतिशास्त्रातला एक जुना भेद उपयोगी पडतो. संत आल्फोन्सस लिगोरी हे मूळचे नेपल्सचे वकील. १७२३ मध्ये एक मोठा खटला हरल्यावर त्यांनी वकिली सोडली आणि पुढे ते धर्मगुरू झाले. नीतिशास्त्राच्या शिक्षणात आजही त्यांचा आधार घेतला जातो. त्या परंपरेत दुसऱ्याच्या चुकीच्या कामातील सहभागाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक हेतूचा सहभाग, दुसरा केवळ कृतीचा. सुताराने शिडी बनवून बाजारात विकली आणि ती चोराने नेली, तर सुतार चोर होत नाही. पण रात्री भिंतीला लावलेली शिडी जो धरून उभा राहतो, तो वर चढला नाही तरी चोरीत सामील असतो. दोघांनी शिडीला हात लावला, पण दोघांची कृती एक नाही. हेतूचा सहभाग कधीच चालत नाही. केवळ कृतीचा सहभाग मात्र तेवढेच मोठे कारण असेल तर चालू शकतो.

आपल्या तरुण वकिलापुढे आता एकेक पक्षकार बसवून पाहू.

पहिली एक बाई आहे. नवरा ऊसतोडीला गुजरातेत जातो, आला की दारू पिऊन मारतो, घरखर्च देत नाही. तिला संसार मोडायचा नाही, तिला जीव वाचवायचा आहे. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ११५३ वे कलम सांगते की, जोडीदार जर दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीराला वा मनाला गंभीर धोका निर्माण करत असेल, तर वेगळे राहण्यास ते न्याय्य कारण आहे. थांबण्यात धोका असेल तर ती स्वतःच्या निर्णयानेही वेगळी राहू शकते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मधील 'अमोरिस लेतिसिया' या पत्रात तर असे विभक्त होणे काही वेळा नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते, असे म्हटले आहे. अशा बाईला वकील काय काय देऊ शकतो? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षणाचा आणि राहत्या घराचा आदेश. पोटगी, जी पूर्वी १२५ व्या कलमाखाली मिळे आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाखाली मिळते. आणि ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातच २२ व्या कलमाखाली न्यायिक विभक्तता, म्हणजे विवाह न मोडता कायद्याने वेगळे राहणे. त्याच कायद्याच्या २४ व्या कलमानुसार अशी विभक्तता मिळाल्यावर पत्नीने पुढे मिळवलेली मालमत्ता तिची स्वतःची राहते. तिने मृत्युपत्र केले नसले तरी तिच्या मागे नवऱ्याला त्या मालमत्तेवर हक्क सांगता येत नाही.

किती बायांना हे माहीत आहे? आणि किती वकील हे त्यांना समजावून सांगतात? घटस्फोटाचा छापील मसुदा तयार असतो, तो भरला की काम झाले. कॅथलिक वकिलाचा खरा उपयोग इथे आहे. घटस्फोटाशिवाय जे जे मिळवता येते ते त्याने आधी मिळवून द्यावे. एवढे करूनही तिचे वा मुलांचे रक्षण होत नसेल, तर पुढचे पाऊल टाकताना त्याच्या मनावर ओझे राहणार नाही.

दुसरा एक माणूस येतो. त्याने दुसरीकडे संबंध जुळवले आहेत. बायको साधी आहे, तिची कसलीही तक्रार नाही. "वकीलसाहेब, काहीतरी लिहा आणि मला मोकळे करा, पैशाची काळजी करू नका," असे तो म्हणतो. इथे विचार करण्यासारखे काहीच नाही. इथे वकील शिडी धरणाराच होईल. त्याने ती फाइल परत करावी. बार कौन्सिलच्या नियमानुसार वकिलाने आलेले काम सहसा नाकारू नये, हे खरे. पण विशेष परिस्थितीत नाकारण्याची मुभा त्याच नियमात आहे. सदसद्विवेकबुद्धीचा आवाज ही विशेष परिस्थिती नसेल तर दुसरी कोणती?

तिसरी त्याच माणसाची बायको. तिला नोटीस आली आहे. तिच्या बाजूने कुणीतरी उभे राहिले पाहिजे की नाही? तिला घटस्फोट नको होता. धर्मशिकवणीचा तोच ग्रंथ (परिच्छेद २३८६) सांगतो की, जिच्यावर घटस्फोट लादला गेला ती निर्दोष व्यक्ती नीतिनियमाचा भंग करत नाही. घटस्फोटाच्या खटल्यांत पाय ठेवायचाच नाही असे कॅथलिक वकिलांनी ठरवले, तर सर्वांत आधी हिचीच बाजू रिकामी पडेल.

चौथ्या पक्षकाराची गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एखादा विवाह मुळातच अवैध होता असा निर्णय ख्रिस्तसभेचे न्यायालय देऊ शकते. उदाहरणार्थ, संमती जबरदस्तीने घेतलेली असेल तर. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ही प्रक्रिया बरीच सोपी केली आणि ती शक्यतो विनामूल्य असावी असे सांगितले. पण आपल्या देशाचे कोर्ट हा निर्णय मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे स्पष्ट केले आणि २०१७ मध्ये या विषयावरील याचिकाही फेटाळली. त्यामुळे ख्रिस्तसभेने मोकळे केलेल्या व्यक्तीने दिवाणी कोर्टाचा हुकूम न घेता दुसरे लग्न केले तर कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हा ठरू शकतो. इथे वकील कोणतेही बंधन तोडत नाही. जे बंधन झालेच नव्हते, त्याची सरकारदरबारची नोंद तो दुरुस्त करून देतो. उलट बाजूही लक्षात ठेवावी. कोर्टाने दिलेला घटस्फोट विवाहसंस्काराचे बंधन तोडू शकत नाही. हीच गोष्ट पंचांसमोरच्या काडीमोडीची. चर्चमध्ये झालेले लग्न पंचांपुढे काडी मोडल्याने ना देवापुढे मोडते, ना कायद्यापुढे.

आणि पाचवा प्रकार, जो धुळ्याच्या वकिलाकडे सर्वांत जास्त येणार. पक्षकार हिंदू आहे, दोघांचे पटत नाही, दोघेही म्हणतात, आम्हाला मोकळे व्हायचे आहे. ख्रिस्तसभा त्यांच्या विवाहालाही खरा विवाह मानते, म्हणून 'ते आपले नाहीत' असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. इथे मी सोपे उत्तर देणार नाही. स्वतःच्या नावाने वकिली करणाऱ्याने अशा पक्षकाराला आधी समेटाचा मार्ग दाखवावा. कायद्याचीही तीच अपेक्षा आहे. हिंदू विवाह कायदा आणि १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदा, दोन्ही न्यायालयाला आधी तडजोडीचा प्रयत्न करण्यास सांगतात. त्यानंतर मुलांचा ताबा, पोटगी, स्त्रीधन या बाबतींत तो जरूर मदत करू शकतो. पण विवाह मोडणे एवढाच उद्देश असेल तर पोप महोदयांचे शब्द त्याला बाजूला होण्यास सांगतात आणि ते शब्द मी पातळ करू शकत नाही.

मात्र हाताखाली काम करणाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच २००२ च्या भाषणात पोप महोदयांनी न्यायाधीशांचा वेगळा विचार केला होता, कारण त्यांना खटले निवडता येत नाहीत. गंभीर कारण असेल तर केवळ कृतीच्या सहभागाचे तत्त्व त्यांना लावता येईल, पण त्यांनीही समेटासाठी झटावे, असे ते म्हणाले. तारीख घेणारा, अर्ज टाइप करणारा नवशिका वकील न्यायाधीश नसतो, पण तो पूर्ण स्वतंत्रही नसतो. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून त्याला शिकवलेले असते. मला वाटते, शिकण्याच्या काळात त्याचा सहभाग कृतीपुरता राहू शकतो. पण ही सबब आयुष्यभर पुरणार नाही. ज्या दिवशी दारावर त्याची स्वतःची पाटी लागेल, त्या दिवसापासून निवड त्याची असेल.

एक गोष्ट मात्र शिकाऊ असतानाही चालणार नाही, ती म्हणजे खोटे लिहिणे. आपल्या ख्रिस्ती कायद्याचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. २००१ पर्यंत १८६९ च्या कायद्याखाली पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करावा लागे. पत्नीला नुसता व्यभिचार पुरत नसे, त्याच्या जोडीला क्रूरपणा, दोन वर्षांचा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. कितीही मार खाल्ला तरी केवळ त्या कारणाने तिला घटस्फोट मिळत नसे. वेगळे व्हायचे तर जोडीदारावर व्यभिचाराचा डाग लावल्याशिवाय गत्यंतर नाही, अशा कायद्याने माणसांना खोट्याच्या दिशेने ढकलले. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेदभाव घटनाविरोधी ठरवला आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलून स्त्रीपुरुषांना समान कारणे दिली. ख्रिस्ती स्त्रियांच्या या दुःखाला ज्यांनी वाचा फोडली त्यांत मुंबईच्या वकील फ्लेव्हिया ॲग्नेस यांचे नाव घ्यावे लागेल. कॅथलिक घरात वाढलेल्या या बाईंनी स्वतःच्या संसारात वर्षानुवर्षे मारहाण सोसली, नंतर त्या कायदा शिकल्या आणि 'मजलिस' या संस्थेतून त्यांनी अशाच स्त्रियांना कायद्याची मदत दिली. त्यांची सगळी मते ख्रिस्तसभेच्या मतांशी जुळतात असे नाही. पण मार खाणाऱ्या बाईसाठी कोर्टात कुणीतरी हवे, हे त्यांच्या आयुष्याने दाखवले.

कायदा बदलला तरी खोटे संपले नाही. आजही अर्ज 'मजबूत' करण्यासाठी न घडलेली मारहाण लिहिली जाते, चारित्र्यावर शिंतोडे उडवले जातात. ते कागद मुले मोठी झाल्यावर वाचतात. आठवी आज्ञा कोर्टाच्या पायरीवर संपत नाही. हेतू शुद्ध असला तरी खोट्या अर्जावर सही करणारा वकील त्या पापातून सुटत नाही.

वकिलांना ख्रिस्तसभेने दोन मोठे संत दिले आहेत. फ्रान्समधील संत इव्हो (१२५३ ते १३०३) हे धर्मगुरू आणि वकील होते. गरिबांचे खटले ते फी न घेता चालवत आणि कोर्टाबाहेर समेट घडवण्याचा प्रयत्न करत. इंग्लंडचे संत थॉमस मोर हे देशाचे सर्वोच्च कायदा-अधिकारी. राजा आठव्या हेन्रीला आपली राणी टाकून दुसरी करायची होती. मोर यांनी आरडाओरडा केला नाही, १५३२ मध्ये पद सोडले, कायद्याने दिलेला प्रत्येक आसरा घेतला. पण राजाच्या बाजूने शपथ घेण्याची वेळ आली तेव्हा ते हलले नाहीत. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. गरिबाची फाइल हातात घ्यावी कशी हे इव्होंकडून शिकावे आणि फाइल खाली ठेवावी केव्हा हे मोर यांच्याकडून.

शेवटी आपल्या सर्वांविषयी थोडे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपण म्हणतो आणि पायरी चढलेल्या बाईकडे तिरक्या नजरेने पाहतो. ती तिथपर्यंत का गेली हे आपण विचारत नाही. तिच्या घरातला आरडाओरडा शेजारी ऐकत होते, तेव्हा कुणी गेले नव्हते. वकिलाच्या सदसद्विवेकबुद्धीची चर्चा करताना आपली स्वतःचीही तपासून पाहू. आणि ज्यांचा कोर्टात घटस्फोट झाला आहे पण ज्यांनी पुन्हा लग्न केलेले नाही, त्यांना केवळ त्या कारणाने ख्रिस्तप्रसाद घेण्यास बंदी नाही. कुणी त्यांना तसे सांगत असेल तर ते चूक आहे.

घरात धोका असेल तर आधी सुरक्षित ठिकाणी जावे, मग बाकीचे. धोका नसेल तर वकिलाकडे जाण्यापूर्वी माझ्याकडे यावे. मी दोघांशी बोलेन आणि गरज पडली तर आपल्या नाशिक धर्मप्रांताच्या न्यायालयाकडे जाण्याची वाट दाखवीन. पैसे नाहीत म्हणून कुणी गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तसेच अनुसूचित जातीजमातीच्या कोणत्याही व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता सरकारकडून मोफत वकील मिळू शकतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. अर्ज लिहायला मदत हवी असल्यास संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर भेटा.

आपल्या त्या तरुण वकिलासाठी आणि कोर्टात तारखा मोजणाऱ्या सर्व कुटुंबांसाठी या आठवड्यात घरोघरी एक प्रार्थना करू या.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू